पूर्णेचा खडा आणि रोमची काच

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले की वाटेत केदारखेडा येते. गावाजवळून पूर्णा वाहते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की वाळूत नाना तऱ्हेचे खडे दिसू लागतात. काही पांढरे, काही मेणासारखे पिवळसर, काही तांबूस. एखादा फुटलेला खडा हाती लागला तर त्याच्या पोटात एकाआत एक अशा रेषा दिसतात. जणू कोणी फार बारीक कुंचल्याने ओढल्या असाव्यात.

आमचे आजोळ याच परिसरातले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरे हे खडे खिशात भरून आणायचो आणि नानी ते अंगणात फेकून द्यायची. नानांच्या बोटात चांदीची अंगठी होती, तिच्यात काळपट तांबडा अकीक होता. एकदा आम्ही नदीतला खडा त्यांच्या अंगठीजवळ धरून विचारले, "नाना, ये पत्थर कायका है?" नाना म्हणाले, "अकीकच है बेटा. तराशे नै, इसलिए किसी कू दिखता नै."

नानांचे हे वाक्य आम्ही विसरून गेलो होतो. पुष्कळ वर्षांनी एका मोठ्या ग्रंथात रोमन साम्राज्यातील एका वाटीचे रंगीत छायाचित्र पाहिले तेव्हा ते एकदम आठवले. वाटी हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. तिच्या अंगावर पिवळ्या, तपकिरी, पांढऱ्या वलयांची दाटी. पाहताक्षणी आम्ही म्हणालो, हा तर आपल्या पूर्णेतला खडा! खालची ओळ वाचली तर ती काच निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने मुद्दाम दगडासारखी दिसावी म्हणून घडवलेली काच. त्या दिवसापासून आम्ही या काचेचा आणि त्या दगडाचा माग काढत आहोत. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

काचेच्या अळूवड्या

या भांड्यांना मोझेइक काचेची भांडी म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आणि इजिप्तमध्ये ही कला भरात आली. ग्रीसजवळ अँटिकिथेरा बेटापाशी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एक जहाज बुडाले होते. १९०० मध्ये समुद्रतळाशी त्याचा शोध लागला, तेव्हा इतर मालाबरोबर अशा काचेच्या वाट्याही वर आल्या. पुढे ही कारागिरी इटलीत पोचली आणि सम्राट ऑगस्टसच्या काळापासून साधारण पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंतांच्या घरी तिची चलती होती.

ही भांडी फुंकून केलेली नसत. काचेची फुंकणी पूर्व भूमध्य किनाऱ्यावर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात निघाली. मोझेइक काच तिच्या आधीची आहे. तिची कृती आमच्या घरातल्या दोन पदार्थांवरून चांगली समजेल. अळूवडी करताना पानावर पीठ, त्यावर पुन्हा पान, असे थर देऊन गुंडाळी करतात आणि मग काप करतात. प्रत्येक कापात तेच चक्र दिसते. काचकारही तेच करी. वेगवेगळ्या रंगांच्या मऊ काचेचे थर एकमेकांवर चढवायचे, किंवा रंगीत कांड्यांची जुडी बांधून ती भट्टीत एकजीव करायची. ही झाली जाड कांडी.

आता दुसरा पदार्थ. ईदेच्या आधी घरोघरी हाताने शेवया वळतात. पिठाची वळी ओढत जावी तशी ती बारीक आणि लांब होत जाते. तापलेल्या काचेची कांडी दोन बाजूंनी धरून ओढली की तीही अशीच लांबते. मनगटाएवढी जाड कांडी बोटाहून बारीक होते. नवल असे की तिच्या पोटातली नक्षी मोडत नाही. फूल असेल तर फूलच राहते, फक्त लहान होते. थंड झाल्यावर या कांडीचे पातळ काप करायचे. असे पुष्कळ काप शेजारीशेजारी मांडून भट्टीत तापवले की ते एकमेकांना चिकटून एक रंगीत चकती तयार होते. ती मऊ असतानाच पालथ्या साच्यावर टाकली की आपल्या वजनाने खाली झुकते आणि वाटीचा आकार घेते. शेवटी आतून-बाहेरून घासून झिलई द्यायची. काही वाट्यांना बाहेरून कळ्या असत. चकती मऊ असताना हत्याराने चिमटे काढून त्या उठवत आणि मग ती साच्यावर टाकत. काही भांडी पारदर्शक कांडीभोवती पांढरा किंवा पिवळा धागा पिळून, अशा कांड्या शेजारी मांडून करत. ती लेस लावल्यासारखी दिसतात.

हे काम किती जोखमीचे होते ते काचेच्या भट्टीवर काम केलेल्यालाच कळेल. प्रत्येक रंगाची काच तापली की वेगवेगळी फुगते आणि निवताना वेगवेगळी आकसते. मेळ बसला नाही तर आठवड्याची मेहनत एका आवाजात तडकते. काच मुळात वाळू, चुना आणि सोडा यांची. सोडा इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांतून येई. आपल्या पापडखारासारखाच हा एक खार, त्याला नेट्रॉन म्हणत. कोबाल्टने निळा रंग येई, तांब्याने हिरवा आणि तांबडा, मँगनीजने जांभळा, अँटिमनीने पांढरा व पिवळा. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो की, इजिप्तमध्ये एक खास माती आहे आणि तिच्याशिवाय बहुरंगी किमती काम होऊच शकत नाही, असे अलेक्झांड्रियाच्या काचकारांनी त्याला सांगितले. आपल्या धंद्याचे मर्म बाहेरच्याला किती सांगायचे, हे त्या काळच्या कारागिरालाही कळत होते म्हणायचे!

राजाच्या मेजावरचा दगड

एवढा खटाटोप कशासाठी? तर दगडासारखे दिसावे म्हणून. त्या काळी रोममध्ये पट्टेदार दगडाच्या प्याल्यांचे वेड लागले होते. गोमेद आणि अकीक यांची भांडी तर होतीच, पण सर्वांत किमती होते ‘मुर्रिना’ नावाच्या दगडाचे प्याले. रोमन लेखक प्लिनी सांगतो की, इसवी सनापूर्वी ६१ मध्ये सेनापती पॉम्पे पूर्वेकडच्या विजयानंतर परतला तेव्हा त्याने हे प्याले प्रथम रोममध्ये आणले आणि ज्युपिटरच्या मंदिरात अर्पण केले. त्यानंतर श्रीमंतांत चढाओढ लागली. एका बड्या अधिकाऱ्याचा आपल्या प्याल्यावर इतका जीव की त्याने पिता पिता त्याचा काठ कुरतडला होता. सम्राट नीरोने एका प्याल्याला दहा लाख सेस्टर्स मोजले. त्या काळी रोमच्या शिपायाला वर्षाला ९०० सेस्टर्स पगार मिळे. म्हणजे अकराशे शिपायांचा वर्षाचा पगार एका प्याल्यात! पेट्रोनियस नावाच्या सरदाराने मरण्यापूर्वी आपले तीन लाखांचे पात्र फोडून टाकले, का, तर ते नीरोच्या मेजावर जाऊ नये म्हणून.

मुर्रिना म्हणजे नेमका कोणता दगड, यावर विद्वानांत मतभेद आहेत. काही जण तो फ्लोराइट मानतात, तर काही अकीकाच्या जातीचा. पण तो कुठल्या वाटेने जात होता याची एक नोंद आमच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक वहीच लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव कुणाला माहीत नाही, पण माणूस पक्का दुकानदार. कुठे काय विकते, कुठे काय मिळते, याखेरीज तो फारसे बोलत नाही. तो लिहितो की, उज्जैनकडून बारिगाझा म्हणजे भडोच बंदरात गोमेद व मुर्रिना उतरतो. पुढे दख्खनच्या दोन मोठ्या पेठा तो सांगतो. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तगरहून पुष्कळ साधे कापड व मलमल येते आणि पैठणहून बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून, गोमेद दगड फार मोठ्या प्रमाणावर भडोचला उतरतो.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. पैठणला गोमेद कुठून येणार? आपल्या काळ्या खडकातून. दख्खनचा हा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडला. त्या रसातले वायूचे बुडबुडे निघून गेले आणि पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका मिसळलेले पाणी झिरपत गेले, थरावर थर बसले. ती पट्टेदार गार म्हणजेच अकीक आणि गोमेद. खडक झिजतो, गार झिजत नाही. म्हणून ती सुटून नदीत येते. गोदावरी, पूर्णा, गिरजा, केळना या नद्यांची पात्रे या खड्यांनी भरलेली आहेत ती यामुळे. नानी अंगणात फेकून देत होती तो माल कधी काळी गाड्या भरून भडोचला जात होता.

त्याच ‘पेरिप्लस’मध्ये उलट दिशेचीही नोंद आहे. तांबड्या समुद्रावरील अडुलिस बंदरात कोणता माल खपतो हे सांगताना लेखक काचेच्या नाना प्रकारच्या खड्यांबरोबर इजिप्तमधल्या डायोस्पोलिस या गावी बनणाऱ्या मुर्रिनाचे नाव घेतो. खाणीतला दगड कारखान्यात बनत नसतो, म्हणून हा काचेचा नकली मुर्रिना असावा असे अभ्यासक मानतात. प्लिनी तर स्पष्टच सांगतो की मुर्रिनाची नक्कल काचेत करतात. आणि आपल्या भडोच बंदरात काय उतरे? इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, रंगीत कमरपट्टे आणि कच्ची काच. न घडवलेली काच. ती इथल्या भट्ट्यांत पुन्हा वितळून मणी होत असे. म्हणजे इकडून दगड तिकडे गेला, तिकडे त्याची काच झाली आणि तिकडची काच इकडे येऊन मणी झाली. यात अस्सल कोण आणि नक्कल कोण, देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ठरवायला बसलो तर दिवस मावळेल.

भोगवर्धन

केदारखेड्याहून उत्तरेला भोकरदन. केळना नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाकडे दूरच्या स्तूपाला दान देण्याइतका पैसा होता आणि तिथवर जाण्याची वाट होती. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरची ही पेठ होती.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रमेश गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. सातवाहन काळाच्या थरांत घरे, भांडी, मातीच्या मूर्ती, दगडाचे आणि काचेचे मणी सापडले. आणि सापडली हस्तिदंताची एक मोडकी बाहुली. एका अलंकृत स्त्रीचा कमरेखालचा भाग आणि दोन्ही बाजूंना उभ्या लहान दासी.

ही मोडकी बाहुली जगभरच्या अभ्यासकांनी पाहिली, कारण तिची जणू सख्खी बहीण इटलीत सापडलेली होती. १९३८ मध्ये पॉम्पेई शहरातल्या एका घराच्या उत्खननात अमेदेओ माइउरी यांना सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. तशीच उभी, तशाच दोन दासी, तशीच दागिन्यांनी मढलेली. व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट इसवी सन ७९ मध्ये झाला आणि शहर राखेखाली गेले, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. तेरलाही अशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असे कुणी छातीठोकपणे म्हणू नये. पण ज्या घडणीची ती आहे ती घडण आपल्या मराठवाड्यात होती, एवढे या दोन मूर्ती निश्चित सांगतात.

आता हस्तिदंत आणि रंगीत काच एकत्र कुठे भेटतात तेही पाहू. काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे १९३७ पासून फ्रेंच संशोधक जोसेफ हॅकिन आणि त्यांचे सहकारी खोदकाम करत होते. तिथे भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या उघडल्या. आत काय होते? भारतीय हस्तिदंताची कोरीव फलके, चिनी लाखकामाचे तुकडे आणि रोमन काचेची कित्येक भांडी. त्यांत चित्रे काढलेले पेले होते, कळ्यांच्या वाट्या होत्या आणि मोझेइक काचही होती. भारत, चीन आणि रोम एका कोठीत! पुढे अफगाणिस्तानच्या यादवीत काबूलचे संग्रहालय लुटले गेले. बेग्रामच्या काही हस्तिदंती वस्तू परदेशात विकल्या गेल्या आणि त्यांतल्या थोड्या २०१२ मध्ये परत आल्या. जमिनीने दोन हजार वर्षे सांभाळलेले माणसाला साठ वर्षेही सांभाळता आले नाही.

दक्षिणेत पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला आणि केरळमधल्या पट्टणमला रोमन काचेच्या वाट्यांचे तुकडे मिळाले आहेत. पट्टणमचे उत्खनन २००७ मध्ये सुरू झाले आणि तिथे मोझेइक काचेच्या कळीदार वाट्यांचे तुकडेही निघाले. समुद्रातून अशी भांडी येत होती यात शंका राहिलेली नाही. रोममध्ये मात्र फुंकणी आल्यावर दिवस पालटले. स्ट्रॅबोच्याच काळात तिथे तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळू लागला. जी गोष्ट राजाच्या मेजावर होती ती मजुराच्या हातात आली. स्वस्त, पातळ, स्वच्छ काच सर्वांना आवडू लागली आणि वेळखाऊ रंगीत भांडी हळूहळू मागे पडली.

बगदादपासून मणियाराच्या पेटीपर्यंत

मागे पडली, पण मेली नाही. कांडी बांधून काप करण्याचे हे हुन्नर पुन्हा फुलले ते अब्बासी खिलाफतीत. नवव्या शतकात बगदादच्या उत्तरेस समर्रा ही नवी राजधानी वसली. १९११ ते १९१३ या काळात जर्मन संशोधक एर्न्स्ट हेर्झफेल्ड यांनी तिथे खोदकाम केले, तेव्हा खलिफाच्या महालात भिंतीला लावायच्या मोझेइक काचेच्या फरशा मिळाल्या. त्यांतही तेच लहान लहान डोळे, तीच वलये. पुढे इटलीतल्या मुरानोच्या काचकारांनी हे काम उचलले आणि त्याला ‘मिलेफियोरी’, म्हणजे हजार फुले, असे नाव मिळाले. आज जग त्याला इटलीचे म्हणून ओळखते. मधली बगदादची कडी फार थोड्यांना ठाऊक असते.

दगडाचीही वाट अशीच आहे. अकीक हा शब्द अरबी. हजरत पैगंबर (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा हबशी होता, अशी हदीस आहे. हबशी खडा म्हणजे गोमेद किंवा अकीक असावा, असे भाष्यकार इमाम नववी यांनी नोंदवले आहे. गुजरातेत भडोचजवळ रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. तेही हबशी. अकीकच्या खाणी आणि व्यापार यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले असून खंबातचे अकीकवाले त्यांना मानत आले. खाणीतला फिका खडा उन्हात वाळवून, मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर भाजला की त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. मडके, गोवरी आणि डोळ्याचा अंदाज, एवढीच हत्यारे. ‘पेरिप्लस’मधल्या भडोचचा धंदा हिंदू, मुसलमान, हबशी अशा कित्येक हातांतून आजपर्यंत आला आहे.

आणि काच? ती तर आमच्या घराच्या उंबऱ्यावर होती. नानीच्या गावी ईदेच्या चार दिवस आधी मणियार चाचा डोक्यावर पेटी घेऊन येत. त्यांच्याकडे मुसलमानांच्या बायका येत तशा मराठ्यांच्या, माळ्यांच्या, महादेव कोळ्यांच्याही येत. चाचा हात दाबून पाहत, हाडाचा अंदाज घेत आणि बांगडी अशी चढवत की कातडीला ओरखडा उठत नसे. सवाष्णीच्या हातात एक बांगडी जास्तीची, बिनपैशाची घालण्याचा रिवाज होता. पोरीच्या हातात बांगडी फुटली तर चाचा म्हणत, "काच है बेटी, फूटेगी नै तो हम खाएंगे क्या?"

मणियार हा शब्द कुठून आला? मणिकार, म्हणजे मणी करणारा. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराच्या दानाचा शिलालेख आहे. सातवाहनांच्या काळचा मणिकार आणि नानीच्या दारातला मणियार यांच्यामध्ये कोल्हापूरचे ब्रह्मपुरीचे टेकाड उभे आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. खाली सातवाहनांचे थर आणि वर बहमनी काळाचे. त्या वरच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे पुष्कळ तुकडे मिळाले. दीक्षितांनी पुढे आयुष्याचा मोठा भाग मणी आणि काच यांच्या अभ्यासात घालवला आणि १९६९ मध्ये भारतीय काचेचा इतिहास लिहिला. एका मराठी संशोधकाने बांगडीच्या तुकड्याला इतिहासात जागा दिली, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

सातवाहनांचे मणिकार हे आमच्या मणियारांचे पूर्वज, असा दावा आम्ही करणार नाही. तसा पुरावा नाही आणि वंशावळी जोडण्याची आम्हाला हौसही नाही. पण हुन्नराला वंश लागत नाही, शिकवणारा हात आणि शिकणारा हात लागतो. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एकदा तरी विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देताना आम्ही एक तर अरबस्तानाकडे बोट दाखवतो, नाही तर गप्प बसतो. पूर्णेच्या वाळूत उभे राहून त्या प्रश्नाकडे पाहिले तर तोच जरा पोरकट वाटू लागतो. रोमची वाटी मूळची कुठली? वाळू भूमध्य किनाऱ्याची, खार इजिप्तचा, हात काचकाराचा आणि रूप दख्खनच्या दगडाचे. तरी ती वाटी रोमचीच, कारण ती तिथे वापरली गेली, तिथे फुटली आणि तिथल्या मातीत मिळाली.

पांढरीची माती

हे सारे लिहिण्याचे खरे कारण शेवटी सांगतो. आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, भिंतींची माती, शेण-कचरा साचून पांढरीचे टेकाड होते. मराठवाड्यात अशी कितीतरी ओसाड टेकाडे आहेत. त्यांची माती खताला चांगली, म्हणून गाड्या भरून शेतात नेतात. घर बांधताना भर घालायला नेतात. पूर्वी बैलगाडी होती, तेव्हा एका उन्हाळ्यात कोपरा जाई. आता यंत्र आले आहे, आठवड्यात टेकाड सपाट होते. नदीच्या वाळूचेही तेच.

पावसाळ्यानंतर अशा टेकाडावर मणी दिसतात. मुले ते गोळा करतात, खेळतात, हरवतात. आम्हीही तेच केले आहे. भोकरदनच्या एका परिचिताच्या घरी आम्ही अशा मण्यांनी भरलेली काचेची बरणी पाहिली होती. निळे, हिरवे, तांबडे, मोहरीएवढे बारीक मणी आणि दोन-तीन पट्टेदार अकीकही. पुढच्या खेपेला विचारले तेव्हा घरातली सून म्हणाली, "साफसफाई में फेक दिए भैया, कचरा था." तिला काय बोलणार? नानीनेही हेच केले होते.

पण दुसरी माणसेही आपल्याच मातीत होऊन गेली. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी होते. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. गावच्या पांढरीत पोरांना, गुराख्यांना जे सापडे ते त्यांनी जन्मभर गोळा केले, सांभाळले आणि त्यातून तेरचे सरकारी संग्रहालय उभे राहिले. आज जगातून अभ्यासक तिथे मणी पाहायला येतात. त्यांच्याही आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात गुलाम याझदानी पुरातत्त्व खात्याचे संचालक होते. १९१४ पासून जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ते खाते सांभाळले, अजिंठ्याची चित्रे जगापुढे आणली आणि त्यांच्याच काळात पैठणच्या टेकाडावर पहिली कुदळ पडली. बुद्धाची चित्रे आणि सातवाहनांची नगरी जपणारा हा माणूस आपल्या मुलांना कोणत्या धड्यात भेटतो? शाळेच्या पुस्तकात नसेल, तर निदान घरच्या गप्पांत तरी भेटायला हवा.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या गावाबाहेर पांढरीचे टेकाड असेल तर तिथली माती उचलणाऱ्याला दोन शब्द सांगा. मणी, नाणे, खापर सापडले तर ते कुठे सापडले ती जागा आणि तारीख चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला कळवा. चिठ्ठीशिवाय मणी हा नुसता मणी असतो. चिठ्ठीसह तो साक्षीदार होतो. घरात मणियार, अकीकवाले, सिकलगार, रंगारी असे कुणी जुने हात असतील तर त्यांच्या कामाचे शब्द, हत्यारांची नावे लिहून घ्या. ‘पेरिप्लस’ लिहिणारा मोठा पंडित नव्हता. तो मालाची यादी करणारा व्यापारी होता. पण त्याने यादी केली म्हणून आज पैठणच्या बैलगाड्या आपल्याला दिसतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा केदारखेड्याला उतरलो होतो. नदीत पाणी नव्हते. वाळूत थोडे चाललो, एक पिवळसर खडा उचलला. दगडावर आपटून त्याचे दोन तुकडे केले. आत एकाआत एक सात पट्टे होते. एक तुकडा तिथेच वाळूत ठेवला आणि एक घरी आणला. या वेळी त्याला चिठ्ठी बांधली आहे. नानांची अंगठी आमच्याकडे आहे, तिच्या शेजारीच तो खडा ठेवला आहे.